सावलीतील तेजोबिंदू

दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर त्याची सावली पडते, ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. प्रकाश सरळ रेषेत जातो, वाटेत अडथळा आला की अडतो, आणि जेथे तो पोहोचत नाही तेथे अंधार राहतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु एखाद्या बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशात धरलेल्या वस्तूच्या सावलीची कड भिंगातून पाहिली, तर निराळेच दृश्य दिसते. ती कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ नसते. तिच्यालगत प्रकाशाचे आणि अंधाराचे बारीक बारीक पट्टे एकाआड एक उभे असतात. इटलीतील ग्रिमाल्डी नावाच्या विद्वानाने हे पट्टे पाहून ठेवले होते, आणि त्याचा ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध झाला होता. तथापि हे पट्टे का पडतात, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुढे दीडशे वर्षे लागली. ते उत्तर ज्याने दिले तो कोणी विद्यापीठातील नामांकित प्राध्यापक नव्हता. रस्ते बांधण्याच्या कामावर खेडोपाडी हिंडणारा, प्रकृतीने अत्यंत नाजूक असा तो एक तरुण अभियंता होता. त्याचे नाव ऑगस्टिन फ्रेनेल.

फ्रेनेलचा जन्म १० मे १७८८ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, ब्रॉग्ली या गावी झाला. त्याचे वडील वास्तुविशारद होते. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धामधुमीत फ्रेनेल कुटुंब काही काळ शेरबुर या बंदराच्या गावी राहिले आणि नंतर काँ शहराजवळील माथ्यू या लहानशा खेड्यात, ऑगस्टिनच्या वडिलांच्या गावी, येऊन स्थिरावले. चार भावंडांचे शिक्षण आईवडिलांनी घरीच सुरू केले. घरातील वळण साधे, धर्मनिष्ठ आणि कडक शिस्तीचे होते.

या भावंडांत ऑगस्टिन अभ्यासात मागे होता. भाषा त्याला मुळीच आवडत नसे. पाठांतर तर त्याच्या जिवावर येई. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचताही येत नव्हते. परंतु खेळाच्या मैदानावर याच मुलाला सवंगडी मोठा बुद्धिमान समजत. खेळण्यातील धनुष्यासाठी कोणत्या झाडाची फांदी चांगली, ती ओली असावी की वाळलेली, खेळण्यातील बंदुकीची नळी किती लांब ठेवली म्हणजे नेम दूर जातो, हे सारे त्याने स्वतः प्रयोग करून ठरविले होते. त्याच्या या संशोधनामुळे खेळातली शस्त्रे इतकी जोरकस झाली की, मुलांना इजा होईल या भीतीने वडीलधाऱ्यांना त्यांवर बंदी घालावी लागली. पुस्तकातले शब्द लक्षात न राहणारा हा मुलगा हातातल्या वस्तूला प्रश्न विचारून तिच्याकडूनच उत्तर मिळवीत असे.

वयाच्या तेराव्या वर्षी तो काँ येथील शाळेत दाखल झाला. तेथे त्याला गणिताची गोडी लागली. १८०४ साली पॅरिसमधील एकोल पॉलिटेक्निक या ख्यातनाम संस्थेत त्याला प्रवेश मिळाला. तेथे असताना भूमितीतील एक कूट प्रश्न त्याने अशा रीतीने सोडविला की, लजांद्रसारख्या थोर गणितज्ञाचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. तेथून तो रस्ते व पूल बांधण्याचे शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यालयात गेला, आणि ते शिक्षण संपताच सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून रुजू झाला. १८०९ साली त्याचा थोरला भाऊ लुई स्पेनमधील युद्धात कामास आला. घरावर कोसळलेले हे दुःख उराशी घेऊनच फ्रेनेलने नोकरीचा आरंभ केला.

प्रथम वांदे प्रांतात आणि १८१२ पासून दक्षिणेकडील न्यों या गावी त्याची नेमणूक झाली. जमिनीची मोजणी करावी, खडी आणि माती यांचे हिशेब ठेवावे, मजुरांवर देखरेख करावी, असे त्याचे दिवस जात. हे काम त्याच्या मनाला रुचत नसे. दुसऱ्यांना धाक दाखवून काम करून घेणे हे त्या सौम्य स्वभावाच्या माणसाला मोठे संकट वाटे. तरीही कर्तव्यात त्याने कधी कुचराई केली नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर मात्र त्याचे मन प्रकाशाच्या चिंतनात रमू लागे.

त्या काळी प्रकाशाच्या स्वरूपाविषयी दोन मते होती. प्रकाश म्हणजे तेजस्वी वस्तूतून अतिवेगाने बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचा वर्षाव होय, असे न्यूटनच्या अनुयायांचे मत होते. न्यूटनचे नाव एवढे मोठे की, या कणवादाविरुद्ध बोलण्यास सहसा कोणी धजत नसे. हॉलंडमधील हायगेन्सने १६९० साली दुसरे मत मांडले होते. पाण्यात खडा टाकला असता तरंग पसरत जातात, तसा प्रकाशही तरंगरूपाने पसरतो, असे त्याचे म्हणणे होते. या तरंगवादाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील थॉमस यंग याने नवे बळ दिले. प्रकाशाच्या दोन प्रवाहांची गाठ पडली असता काही ठिकाणी अधिक उजेड व काही ठिकाणी अंधार होतो, हे त्याने दाखविले. तळ्यात शेजारी शेजारी दोन खडे टाकले तर जेथे एका तरंगाचा माथा दुसऱ्याच्या माथ्यावर येतो तेथे पाणी अधिक उंच उसळते. जेथे एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो तेथे पाणी निश्चल राहते. प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते. या घटनेला व्यतिकरण असे नाव आहे. परंतु यंगच्या या विचारांची त्याच्या देशातच टवाळी झाली, आणि फ्रान्समध्ये तर ते फारसे कोणाला माहीतही नव्हते.

आडगावी राहणाऱ्या फ्रेनेलला यांतले काहीच ठाऊक नव्हते. इंग्रजी भाषा त्याला येत नव्हती. १८१४ साली प्रकाशाच्या ध्रुवीकरणासंबंधी एक उल्लेख त्याच्या वाचनात आला, तेव्हा ध्रुवीकरण म्हणजे काय हेच त्याला कळेना. त्याने आपल्या भावाला पत्र लिहून त्या शब्दाचा अर्थ विचारला आणि पुस्तके पाठविण्यास सांगितले. ज्या शब्दाचा अर्थ त्याला तेव्हा ठाऊक नव्हता, त्या घटनेचे खरे कारण सात वर्षांनंतर तोच जगाला सांगणार होता.

१८१५ सालच्या मार्च महिन्यात नेपोलियन एल्बा बेटातून निसटून फ्रान्समध्ये परत आला. फ्रेनेल राजपक्षाचा होता. आपल्या मताशी प्रामाणिक राहावे म्हणून तो दुखण्याची पर्वा न करता राजाच्या सैन्याला जाऊन मिळाला. त्या सैन्याचा टिकाव लागला नाही. फ्रेनेल आजारी होऊन परतला. त्याची नोकरी गेली, आणि त्याच्यावर पोलिसांची नजर राहू लागली. मोठ्या विनवणीनंतर त्याला माथ्यू येथे आईजवळ जाऊन राहण्याची परवानगी मिळाली. नोकरी नाही, पैसा नाही, प्रकृती ढासळलेली, अशा स्थितीत दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. फ्रेनेलला मात्र या सक्तीच्या विश्रांतीत आयुष्यात प्रथमच हवा तेवढा वेळ लाभला. वाटेत पॅरिस येथे त्याने अरागो या तरुण शास्त्रज्ञाची भेट घेतली. अरागो त्याच्याहून केवळ दोन वर्षांनी मोठा होता, आणि तरीही विज्ञान अकादमीचा सभासद झालेला होता. त्याने फ्रेनेलला कोणते ग्रंथ वाचावे हे सांगितले व धीर दिला. या भेटीतून दोघांचा जो स्नेह जुळला तो अखेरपर्यंत टिकला.

माथ्यूसारख्या खेड्यात उपकरणे कोठून मिळणार? सूर्याचे किरण एका अत्यंत लहान बिंदूत एकवटण्यासाठी त्याला लहानसे प्रभावी भिंग हवे होते. ते जवळ नव्हते, तेव्हा त्याने तांब्याच्या पत्र्याला बारीक छिद्र पाडून त्यावर मधाचा एक थेंब ठेवला. त्या गोल, पारदर्शक थेंबाने भिंगाचे काम केले. प्रकाशपट्ट्यांची रुंदी मोजण्यासाठी सूक्ष्ममापक पाहिजे होता. तो त्याने धाग्यांच्या साहाय्याने स्वतः रचला, आणि त्याचे धातूचे भाग गावातील कुलुपे बनविणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतले. अशा सामग्रीनिशी त्याने एका बारीक तारेची सावली तपासण्यास सुरुवात केली. तारेच्या सावलीबाहेर तर पट्टे दिसतच होते, पण सावलीच्या आतही प्रकाशाचे बारीक पट्टे दिसत होते. तारेच्या एका बाजूने येणारा प्रकाश त्याने कागदाच्या तुकड्याने अडविला. लगेच सावलीतले पट्टे नाहीसे झाले. दुसऱ्या बाजूचा प्रकाश तर तसाच येत होता; मग पट्टे गेले कोठे? याचा अर्थ उघड होता. ते पट्टे दोन्ही बाजूंनी वळून आत येणाऱ्या प्रकाशाच्या मीलनातून निर्माण होत होते. प्रकाश कडेपाशी वळतो, आणि वळलेले दोन प्रवाह एकमेकांत मिसळून कोठे उजेड तर कोठे अंधार करतात. अशा प्रकारे कडेपाशी वळून पसरण्याच्या क्रियेला विवर्तन म्हणतात.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात फ्रेनेलने आपला पहिला निबंध विज्ञान अकादमीकडे पाठविला. तो तपासण्याचे काम अरागोकडे आले. यांतील काही गोष्टी यंगने आधीच सांगून ठेवल्या आहेत, हे तेव्हा फ्रेनेलला समजले. कष्टाने मिळविलेले श्रेय दुसऱ्याचे ठरावे, याचे त्याला वाईट वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्याने यंगचा पहिला मान मोकळ्या मनाने मान्य केला आणि त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवला. पुढे यंगला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपले मन उघड केले आहे. लोकांनी केलेल्या स्तुतीपेक्षा एखादे सत्य हाती लागण्यात किंवा आपले गणित प्रयोगाशी जुळण्यात आपल्याला अधिक आनंद वाटतो, असा त्या पत्राचा आशय आहे.

दरम्यान राजाची सत्ता पुन्हा स्थापन झाली आणि फ्रेनेलला नोकरी परत मिळाली. रेन येथे रस्त्यांच्या कामावर असतानाही अरागोच्या खटपटीने त्याला अधूनमधून रजा मिळे, आणि तो पॅरिसला येऊन प्रयोग करीत असे. कणवादी पंडित म्हणत की, हे पट्टे वस्तूच्या कडेने प्रकाशकणांना ओढल्यामुळे वा लोटल्यामुळे पडतात. त्यांच्या या आक्षेपाला उत्तर म्हणून फ्रेनेलने दोन सपाट आरसे एकमेकांशी अगदी किंचित कोन करून ठेवले. एकाच दिव्याचा प्रकाश दोन्ही आरशांवरून परावर्तित होऊन एकत्र आला, तेव्हा पडद्यावर उजेडाचे व अंधाराचे पट्टे उमटले. येथे प्रकाश कोणत्याही वस्तूच्या कडेला घासून येत नव्हता. प्रकाशात प्रकाश मिळविला असता अंधार होतो, हे विलक्षण सत्य या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले.

१८१७ साली विज्ञान अकादमीने विवर्तन या विषयावर पारितोषिक जाहीर केले. फ्रेनेलने १८१८ साली आपला प्रदीर्घ निबंध सादर केला. त्यात त्याने हायगेन्सची कल्पना व व्यतिकरणाचे तत्त्व यांची सांगड घातली होती. पुढे सरकणाऱ्या तरंगाच्या प्रत्येक बिंदूपासून नवे लहान तरंग निघतात. पडद्यावरील कोणत्याही ठिकाणी किती उजेड पडेल हे ठरविण्यासाठी त्या ठिकाणी पोहोचणाऱ्या सर्व लहान तरंगांची बेरीज केली पाहिजे, असे त्याचे तत्त्व होते. या बेरजेसाठी त्याने नवे गणित उभारले. त्यावरून पट्ट्यांच्या जागा काढल्या आणि प्रत्यक्ष मोजून पाहिल्या. गणित व मोजमाप यांचा मेळ अचूक बसला. तांबड्या प्रकाशाच्या एका तरंगाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पंधराशेव्या भागाएवढीच असते, असे त्याला आढळले. प्रकाशाचे तरंग इतके सूक्ष्म असल्यामुळेच आपल्याला नेहमीच्या व्यवहारात तो सरळ रेषेत जातो असे वाटते, याचाही उलगडा झाला.

निबंध तपासणाऱ्या समितीत लाप्लास, बियो, प्वासों, गे-ल्युसॅक आणि अरागो हे पाच जण होते. पहिले तिघे कणवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांतही प्वासों हा असामान्य गणिती. त्याने फ्रेनेलच्या गणिताचा कसून अभ्यास केला, आणि त्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. प्रकाशाच्या वाटेत एक लहानशी वाटोळी चकती धरली, तर तिच्या कडेवरील प्रत्येक बिंदूपासून सावलीच्या मध्यापर्यंतचे अंतर सारखेच असते. म्हणून तेथे येणारे सर्व तरंग एकाच वेळी माथ्याला माथा मिळवून येतील, आणि सावलीच्या अगदी मध्यभागी, जेथे सर्वांत गडद अंधार असावा तेथे, एक तेजस्वी ठिपका दिसला पाहिजे. जणू चकती मध्ये नव्हतीच! ही गोष्ट कोणत्याही शहाण्या माणसाच्या बुद्धीला न पटणारी होती. फ्रेनेलचा सिद्धांत खोटा ठरविण्यास याहून मोठा पुरावा कोणता, असे प्वासोंला वाटले.

परंतु विज्ञानात शेवटचा शब्द तर्काचा नसतो, प्रयोगाचा असतो. अरागोने दोन मिलिमीटर व्यासाची धातूची एक चकती घेतली, ती मेणाने काचेवर चिकटविली आणि तिची सावली बारकाईने न्याहाळली. सावलीच्या बरोबर मध्यावर तेजाचा एक लहानसा बिंदू चमकत होता! फ्रेनेलला पाडण्यासाठी पुढे आणलेली अडचणच त्याच्या सिद्धांताची सर्वांत बळकट साक्षीदार ठरली. १८१९ साली फ्रेनेलला ते पारितोषिक मिळाले. ज्यांची मते निराळी होती अशा परीक्षकांनीही प्रयोगापुढे मान तुकविली, ही गोष्ट त्यांनाही भूषणावह आहे. मौज अशी की, विरोधाच्या हेतूने तो बिंदू दाखवून देणाऱ्या प्वासोंचेच नाव आज त्याला दिले जाते.

तरंगवादापुढे आणखी एक मोठे कोडे उभे होते. ते म्हणजे ध्रुवीकरण. आइसलँडमध्ये सापडणाऱ्या एका स्वच्छ स्फटिकातून पाहिले असता एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. १८०८ साली माल्युस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशा स्फटिकातून पॅरिसमधील लक्झेम्बर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले मावळत्या सूर्याचे तेज पाहिले. स्फटिक फिरविताच दोन प्रतिमांचे तेज आळीपाळीने कमीजास्त होऊ लागले. काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाला जणू बाजू फुटल्या होत्या. ध्वनीच्या तरंगात हवेचे कण तरंग जातो त्याच दिशेने मागेपुढे हलतात. प्रकाशाचे तरंगही तसेच असतील तर त्यांना वरची-खालची किंवा डावी-उजवी अशी बाजू असण्याचे कारणच नाही. फ्रेनेल व अरागो यांनी मिळून प्रयोग केले, तेव्हा हे कोडे अधिकच गहन झाले. परस्परांशी काटकोनात ध्रुवीकरण झालेले प्रकाशाचे दोन प्रवाह एकत्र आणले तरी उजेडाचे व अंधाराचे पट्टे उमटत नाहीत, असे त्यांना दिसून आले.

पुष्कळ विचारांती १८२१ साली फ्रेनेलने निर्भयपणे उत्तर दिले. प्रकाशाची कंपने त्याच्या गतीच्या दिशेने मुळीच होत नाहीत. ती त्या दिशेला काटकोन करून आडवी होतात. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हाताने हलविले, तर दोरीवरून असे आडवे तरंग जातात. ती दोरी खिडकीच्या दोन उभ्या गजांमधून गेलेली असेल तर वरखाली दिलेला हेलकावा गजांतून पार जाईल, पण बाजूला दिलेला हेलकावा गजांपाशीच अडेल. स्फटिक प्रकाशाच्या बाबतीत जणू या गजांचे काम करतो. एक कंपन उभे व दुसरे आडवे असेल, तर ती एकमेकांना नाहीशी करू शकत नाहीत; म्हणूनच तेथे पट्टे पडत नाहीत. यंगच्या मनातही या दिशेने विचार आला होता. परंतु त्या कल्पनेचा पूर्ण विस्तार करून तिच्या आधारे स्फटिकांतील प्रकाशाच्या गतीचे नियम फ्रेनेलनेच बसविले. तथापि त्या काळी प्रकाश ईथर नावाच्या अतिसूक्ष्म द्रव्यातून जातो असे समजत. आडवे तरंग वाहून नेणारे ईथर घन पदार्थासारखे ताठ असले पाहिजे, आणि मग त्यातून ग्रह मोकळेपणाने कसे फिरतील, ही शंका उभी राहिली. प्रत्यक्ष अरागोलाही हा विचार इतका धाडसी वाटला की, त्याने त्याखाली आपले नाव घालण्याचे टाळले. फ्रेनेल एकटाच आपल्या निर्णयाशी ठाम राहिला.

हे सर्व संशोधन चालू असताना त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आली. १८१९ साली अरागोच्या शिफारशीवरून त्याला दीपगृहांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या सरकारी मंडळात घेण्यात आले. त्या काळच्या दीपगृहांत धातूच्या आरशांनी दिव्याचा प्रकाश समुद्राकडे फेकीत. त्यात प्रकाशाचा बराच मोठा भाग वाया जाई. वादळी रात्री तो मंद उजेड दूरवर दिसत नसे, आणि कित्येक गलबते खडकांवर आपटून माणसे प्राणास मुकत. आरशाऐवजी काचेचे मोठे भिंग वापरावे तर ते मध्यभागी फार जाड व जड होई, आणि जाड काच पुष्कळ प्रकाश गिळून टाकी. किरण वळविण्याचे काम भिंगाच्या वक्र पृष्ठभागाचे असते. आतली जाडी निरुपयोगी असते. हे ध्यानी घेऊन फ्रेनेलने ती जाडी काढून टाकली, आणि एकात एक बसणाऱ्या काचेच्या कड्यांचे, पायऱ्यापायऱ्यांचे पातळ भिंग तयार करविले. अशी कल्पना त्याच्यापूर्वीही फ्रान्समधील काही विद्वानांना सुचलेली होती; परंतु दीपगृहासाठी ती व्यवहारात उतरविली ती फ्रेनेलने. पॅरिसमधील सोलेय या कुशल कारागिराने त्याच्या आराखड्याप्रमाणे काचेचे तुकडे घासून दिले.

१८२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसमधील अर्धवट बांधलेल्या विजयकमानीवर हे भिंग चढवून त्याची परीक्षा घेण्यात आली. त्याचा उजेड ३२ किलोमीटर अंतरावरून दिसला. पुढील वर्षी, २५ जुलै १८२३ रोजी, जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआं या प्राचीन दीपगृहावर फ्रेनेलच्या भिंगांचा दिवा प्रथम उजळला. फिरत्या चौकटीत बसविलेली आठ भिंगे प्रकाशाचे झोत आळीपाळीने समुद्रावर फेकीत. हळूहळू जगातील सर्व सागरी राष्ट्रांनी ही पद्धत उचलली. भारताच्या किनाऱ्यावरील दीपगृहांतही पुढे अशी भिंगे बसविण्यात आली.

१८२३ साली विज्ञान अकादमीने फ्रेनेलला एकमताने आपला सभासद निवडले, आणि १८२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनेही त्याला परदेशी सभासदत्व दिले. परंतु कीर्तीची पावले दाराशी येत असतानाच क्षयरोगाने त्याचे शरीर पोखरण्यास आरंभ केला होता. उपकरणांसाठी तो स्वतःच्या पगारातून खर्च करी. त्यासाठी चार पैसे अधिक मिळावे म्हणून पत्करलेले परीक्षकाचे कामही त्याला १८२४ साली सोडावे लागले. उरलेली शक्ती त्याने दीपगृहांच्या कामासाठी राखून ठेवली. मनातले कित्येक प्रयोग अपुरे राहिले. १८२७ सालच्या उन्हाळ्यात त्याला पॅरिसजवळील व्हिल-दाव्रे या गावी नेण्यात आले. रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले होते. ते घेऊन अरागो त्याच्या रुग्णशय्येपाशी गेला. त्यानंतर आठच दिवसांनी, १४ जुलै १८२७ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी फ्रेनेलने देह ठेवला. दीपगृहांचे त्याचे कार्य पुढे त्याचा भाऊ लेओनोर याने चालविले.

फ्रेनेलच्या मृत्यूनंतर त्याच्या सिद्धांताची सत्यता अधिकाधिक स्पष्ट होत गेली. तरंगवादाप्रमाणे प्रकाशाचा वेग पाण्यात हवेतल्यापेक्षा कमी असला पाहिजे, तर कणवादाप्रमाणे तो अधिक असला पाहिजे. १८५० साली फूकोने प्रयोग करून तो पाण्यात कमीच असतो असे दाखविले. पुढे मॅक्सवेलने प्रकाशाचे तरंग विद्युत्-चुंबकीय असतात असे प्रतिपादन केले. फ्रेनेलच्या काळी ज्याच्यावाचून चालत नव्हते ते ईथर विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी टाकून दिले, आणि १९०५ साली आइनस्टाइनने प्रकाशाला एका निराळ्या अर्थाने कणरूपही असते असे सांगितले. तरीही प्रकाश कसा वळतो, कसा मिसळतो, काचेवरून किती परावर्तित होतो, याचे गणित आजही फ्रेनेलच्या सूत्रांनीच केले जाते. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नामवंतांत त्याचेही नाव आहे.

फ्रेनेलपाशी धन नव्हते, आरोग्य नव्हते, मोठ्यांचा आश्रय नव्हता, प्रयोगशाळाही नव्हती. मधाच्या थेंबाचे भिंग करणारी कल्पकता, मोजून पाहिल्यावाचून कशालाही न मानणारी बुद्धी, आणि दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देणारे निर्मळ मन एवढेच त्याचे भांडवल होते. त्या भांडवलावर त्याने दहाबारा वर्षांत जे कार्य केले त्याने विज्ञानाची एक शाखा नव्या पायावर उभी राहिली, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशा असंख्य खलाशांना काळोख्या रात्री किनाऱ्याची वाट सापडली.